ताप यायचा त्या संध्याकाळी

अहो,

तुमच्या पुण्यानुमोदनाला विहाराच्या हॉलमध्ये मावणार नाहीत इतकी माणसं आली होती. भन्तेजींचं झाल्यावर एकेक जण उठून माईकपाशी गेला. तुमच्यासारखं कोणालाच जमत नव्हतं. एक जण "मनमिळाऊ, कष्टाळू आणि सदा हसतमुख" असं म्हणाला आणि मला फिसकन हसू आलं. पदर तोंडाशी धरावा लागला. शेजारच्या बाईंना वाटलं मला भरून आलंय, त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. ते शब्द तुमचेच होते ना. धायरीपासून वाघोलीपर्यंत जो कोणी गेला त्याला तुम्ही माईकवरून हेच तीन शब्द दिलेत, मग तो माणूस हयातीत बायकोशी धड बोलत नसला तरी. आणि तुम्ही कसले हो हसतमुख? चष्मा सापडला नाही तर माझ्याकडे असं बघायचात, जणू मीच तो गिळलाय.

शेवटी निखिल माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई, तू बोल ना दोन शब्द." मी मान हलवली. लोकांना वाटलं, बाईंना शोक आवरत नाही. शोक होताच, पण मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. पोटच्या मुलालाही सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगायचं होतं, तेही राहून गेलं. ते सांगितल्याशिवाय मला या घरात धड बसताही येत नाही आणि निखिलकडे जाताही येत नाही, म्हणून हे लिहितेय.

आपलं आयुष्यभराचं भांडण एकच. संध्याकाळ. तुम्ही पाटबंधारे खात्यात होतात तेव्हा तुम्ही कालव्यावर आणि मी मनपाच्या शाळेत. तेव्हा मी काही बोलले नाही. निवृत्त झालात तेव्हा वाटलं, चला, आता तरी हा माणूस दिवेलागणीला घरात दिसेल. कसलं काय. कोणाचं बारसं, कोणाचा मंगल परिणय, कोणाची निवृत्ती, कोणाची शोकसभा. सूत्रसंचालनाला मेश्रामसाहेब हवेत. जयंतीच्या महिन्यात तर तुमचं दर्शन मला बॅनरवरच व्हायचं. मी चिडून म्हणायचे, "एक दिवस नाही म्हणा की." तुम्ही म्हणायचात, "लोक बोलावतात, नाही कसं म्हणू?" "मी बोलावते त्याचं काय?" "तू तर घरचीच आहेस वं." असं म्हणून पायात चपला. वर्ध्याचं बोलणं तुम्ही फक्त माझ्यासाठी राखून ठेवलं होतंत, आणि ते वापरायचात ते असं, दारातून सटकायला.

दुसरं भांडण पाण्याच्या बाटलीचं. तुम्ही कुठेही निघालात की मी उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली पिशवीत ठेवायची आणि ती तुम्ही जशीच्या तशी परत आणायची. जिथे जाल तिथलं पाणी प्यायचात. मांडवातलं पिंप असो, टँकरचं असो, वस्तीवरच्या हापशाचं असो, कोणी पेला पुढे केला की तो रिकामा करून परत द्यायचात. साखरेचा त्रास आहे, पोट नाजूक आहे, डॉक्टरांनी बजावलंय, सगळं सांगून झालं. "तुमच्या खात्याने इतकी धरणं बांधली आणि तुम्हाला एवढं कळू नये?" असंही मी बोलले. तुम्ही नुसते हसलात.

मार्चमध्ये गावाकडे विहाराच्या उद्घाटनाला गेलात आणि आव घेऊन आलात. पोटात मुरडा, दिवसातून दहादा संडास. गोळ्या दिल्या होत्या डॉक्टरांनी. दोन दिवसांत बरं वाटलं आणि उरलेल्या गोळ्या फ्रिजवर पडल्या. "पोट थांबलं की, आता कशाला?" म्हणालात. आपण दोघंही तो विषय विसरून गेलो. पोटातलं दुखणं पोटात राहत नाही हे आपल्याला कोण सांगणार होतं.

मग तो ताप. एप्रिल उजाडला तसा रोज दिवस कलला की तुम्हाला थंडी भरायची, तासाभराने कपडे भिजतील इतका घाम सुटायचा. तुम्ही माणूस हुशार. ताप कधी येतो ते ओळखलंत आणि दुपारच्या चहाबरोबरच गोळी घ्यायला लागलात. संध्याकाळी मी थर्मामीटर लावला की तो नॉर्मल. "बघ, आहे का काही?" "मग हा घाम कसला?" "एप्रिल आहे बाई. पुण्यात एप्रिलमध्ये घाम येतो." ताप दाबायचा, सदरा बदलायचा आणि निघायचं. जयंतीच्या दिवसांत सूत्रसंचालकाने आजारी पडायचं नसतं, हा तुमचा कायदा. तो कायदा दुसरं कोणी पाळत नव्हतं. आपल्या विहाराचा अध्यक्ष नुसत्या सर्दीने झोपून होता.

त्यातच उजवा खांदा धरला. बाम चोळला, शेक दिला, खांद्याचे व्यायाम झाले. तळमजल्यावरच्या कुलकर्णीकाकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "साहेब, माईक धरून धरून गेला असेल खांदा. आता स्टँड घ्या, नाहीतर भाषणं तरी छोटी करा." तुम्ही इतके हसलात की खोकला सुरू झाला. कोरडा, अर्धवट खोकला. खोकताना बरगडीखाली हात दाबून धरायचात ते मी बघितलं. विचारलं तर म्हणालात, "गॅस." उचक्या लागायच्या, तेही गॅस. पॅन्ट ढिली झाली, पट्ट्याला नवं भोक पाडलंत, ते मात्र फिरण्यामुळे. सगळ्याला तुमच्याकडे उत्तर होतं आणि सगळी उत्तरं वेगवेगळी होती.

कर्वेनगरच्या कार्यक्रमात तुम्ही मध्येच माईक दुसऱ्याच्या हातात दिलात आणि रिक्षा करून घरी आलात. असं कधी झालं नव्हतं. दार उघडलं तेव्हा तुमचे ओठ थरथरत होते. मी दुलई काढली. बाहेर अंगाची लाही होत होती आणि तुम्ही दुलईत दात वाजवत पडला होतात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ओढूनच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. "सोमवारी करू," म्हणालात. तो सोमवार गेला, पुढचाही गेला. मी रोज बोलत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. निखिलला फोन करते म्हटलं तर तुम्ही शपथ घातलीत, त्याचं ऑफिसमध्ये काहीतरी अवघड चाललंय म्हणून.

पण तुम्ही घरी होतात. आता मला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. मे महिन्याचे ते दिवस. तुम्हाला कुठे जाता येत नव्हतं. फोन आला की तुम्ही "तब्येत जरा बरी नाही" म्हणायचात, आणि ते ऐकून मी स्वयंपाकघरात गॅस बारीक करायचे, नीट ऐकू यावं म्हणून. गॅलरीत खुर्ची टाकून, अंगावर शाल घेऊन तुम्ही बसायचात. मी वर्षभराची चिंच साफ करायला घेतली होती. तुम्ही म्हणालात, दे इकडे. मग रोज आपण दोघं मध्ये सूप ठेवून चिंचोके काढत बसलो. ताप चढेपर्यंत तुम्ही बरे असायचात. ताप चढला की गप्प व्हायचात, पण उठून आत जायचा नाहीत.

किती बोललो आपण त्या दिवसांत. तुम्ही मला शाळेतलं विचारलंत. इतकी वर्षं मी शिकवलं, पण माझ्या वर्गात कोण होतं, कोण कसं वागायचं, हे तुम्ही कधी विचारलं नव्हतं. भागाकार समजला की टाळी वाजवणारी मुलगी, डब्यात रोज फक्त भात आणणारा मुलगा, सगळे तुम्हाला पाठ झाले. दुसऱ्या दिवशी तुम्हीच विचारायचात, "मग त्या भातवाल्याचं पुढे काय झालं?" दुपारी आडवं पडलो की तुम्ही नेहमी उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून घोरायचात. आता उजव्या कुशीवर वळलात की आत दुखायचं, म्हणून डाव्या कुशीवर वळायला लागलात. म्हणजे माझ्याकडे तोंड. मला ते दुखणं कशाचं आहे ते कळलं नाही. मला फक्त तुमचा चेहरा दिसत होता.

अशाच एका संध्याकाळी मी पुन्हा बाटलीवरून सुरू केलं. ते विहाराच्या उद्घाटनाचं पाणी तुम्हाला भोवलं, असं काहीतरी बोलले. तुम्ही हातातली चिंच खाली ठेवलीत. मग पहिल्या पोस्टिंगचं सांगितलंत. नवीन नोकरी, कालव्याचं काम, दुपारचं ऊन. एका शेतकऱ्याच्या ओट्यावर टेकलात आणि पाणी मागितलंत. त्याने आधी आडनाव विचारलं. मग बायकोला हाक मारली, आणि तिने तुमच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. तिथून हाकेच्या अंतरावर तुम्ही आखलेली कालव्याची चारी होती. त्याच्या शेताला पाणी तुमच्या सहीने सुटणार होतं. "मी प्यायलो," तुम्ही म्हणालात. "तहान लागली होती." आणि मग, "तेव्हापासून कोणी हातात पेला दिला ना, तर माझ्याच्यानं तो परत देववत नाही. कोणाचाही असो. मला तो नाकारता येत नाही."

इतकी वर्षं मी तुमच्याशी बाटलीवरून भांडले आणि तुम्ही हे एकदाही सांगितलं नाहीत. मी म्हटलं, "आंबील घेता का थोडी?" तुम्ही म्हणालात, "दे." दोन घोट घेतलेत आणि वाटी ठेवून दिलीत. अन्नावरची वासना तोवर गेलीच होती. त्या दिवशी तुम्ही किती दमलेले दिसत होतात. आणि मी मनातल्या मनात किती सुखात होते.

शेवटी मी तुमची शपथ मोडली आणि निखिलला बोलावलं. तुमच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला होता आणि बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरावी लागली होती. तो वाघोलीहून तडक आला, तुम्हाला गाडीत घातलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगणारे. यकृतात गळू झालंय म्हणाले, उजव्या बाजूला, चांगलं मोसंबीएवढं, पूर्ण पुवाने भरलेलं. मला गळू म्हणजे मानेवर नाहीतर काखेत होतं तेवढंच माहीत. दिसतं, ठणकतं, पिकतं, फुटतं. आत, कोणाला न दिसता, माणूस माईकवरून बोलत असताना ते वाढतं, हे मला नवीन होतं. डॉक्टरांनी विचारलं, "मधे आव झाली होती का?" आपण एकमेकांकडे बघितलं. ते म्हणाले, आवेचे जंतू आतड्यात राहतात, औषध अर्धवट सुटलं की रक्तातून यकृतात जाऊन बसतात. त्यात साखर वाढलेली. हा थंडी वाजून येणारा ताप, घाम, वजन उतरणं, उजव्या कुशीवर झोपता न येणं, सगळं त्याचंच.

"आणि खांदा?" तुम्ही विचारलंत. डॉक्टर म्हणाले, "काका, खांद्याला काहीच झालेलं नाही. यकृताच्या वरच्या पडद्याला त्रास झाला की दुखतं उजव्या खांद्यात. मूळ एकीकडे आणि जाणवतं दुसरीकडे."

तुम्ही तशाही तापात हसलात. मला म्हणालात, "ऐकलं का? कुलकर्णीकाकूंची भिंत." मला लगेच कळलं. काकूंच्या बेडरूममध्ये ओल यायची, त्यांनी तीनदा रंग लावून घेतला, आणि तुम्ही जाऊन भिंतीवर बोटं वाजवून सांगितलंत की पाणी इथलं नाहीच, वरच्या मजल्यावर पलीकडच्या मोरीतलं आहे. तेव्हा सोसायटीत ऐटीत सांगत फिरलात, ओल झाकायची नसते, शोधायची असते. सगळ्या बिल्डिंगची गळती शोधणारा माणूस स्वतःच्या खांद्याला बाम चोळत बसला. मी हे तोंडावर बोलले नाही, आजारी माणसाला काय बोलायचं. बरे होऊन घरी आलात की चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. तेही राहिलं.

बरगड्यांमधून नळी घातली. चॉकलेटी रंगाचा पू पिशवीत उतरायला लागला आणि तुम्ही अभियंत्याच्या नजरेने त्या पिशवीकडे बघत होतात, किती साचलं म्हणून विचारत होतात. यकृताच्याच डाव्या बाजूला आणखी एक लहान गळू आहे, ते औषधाने जिरेल असं वाटतंय, पण लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आपण सगळे मोठ्या गळवाकडेच बघत राहिलो. ताप उतरला होता ना. तुम्हाला भूक लागली. पडल्या पडल्या दाढी करून घेतलीत. सिस्टरला तिचं गाव विचारून झालं.

आणि मग फोन वाजला. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा. तुम्ही उशीला टेकून ताठ बसलात आणि म्हणालात, "येणार म्हणजे काय, येणारच. ठणठणीत आहे मी आता. टाका पत्रिकेत नाव." तुमचा माईकवरचा आवाज परत आला होता. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ कौतुकाने बघत होते. मी तुमच्यासाठी मोसंबी सोलत होते. आणि मला, तुमच्या बायकोला, वाटलं, झालं, संपलं. आता चिंचा नाहीत, भातवाला मुलगा नाही, माझ्याकडे वळलेलं तोंड नाही. आता पुन्हा सदरा, पिशवी आणि चपला.

तुम्ही फोन ठेवून विचारलंत, "काऊन वं, तोंड काऊन पाडलं?" मी म्हटलं, "कुठं काय." आणि फोडी पुढे केल्या.

हे सांगायचं होतं. तुम्ही बरे होत होतात आणि मला वाईट वाटत होतं. मरणाच्या दुखण्याने तुम्हाला माझ्याजवळ आणून बसवलं होतं आणि मला ते आवडलं होतं. मी डॉक्टरांकडे चला म्हणून जीव तोडून भांडत होते हेही खरं, आणि रोज संध्याकाळी तुम्ही घरात आहात म्हणून मनातून हरखत होते हेही तितकंच खरं. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्या दिवसांइतकं सुख कधी मिळालं नाही. हे माईकवर कसं सांगू? निखिलला कसं सांगू, की तुझे बाबा आतून सडत होते ना, ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लहान गळू फुटलं. डावीकडचं हृदयाच्या अगदी जवळ असतं, असं नंतर सांगितलं. तुम्ही छातीला हात लावलात आणि माझ्याकडे बघितलंत. मग पडदे ओढले, मला बाहेर काढलं. तुम्हाला बोलायला वेळ मिळाला नाही आणि मला तर "कुठं काय" च्या पुढे जाता आलंच नाही.

निखिलने त्याच्याकडे माझी खोली लावून ठेवली आहे. सूनबाईने पडदेसुद्धा शिवून घेतले. "आई, इथे एकटी कशी राहशील?" असं तो रोज विचारतो. पोरगं चांगलं आहे, त्याला काय बोलू. एकटं राहायला मी नव्याने शिकत नाहीये. लग्न झाल्यापासून संध्याकाळच्या या वेळी मी एकटीच तर असायचे. मला वाटलं होतं, त्यात तरी माझा हात कोणी धरणार नाही. पण तसं नाही, मला ते कधी आलंच नव्हतं. तेव्हा तुम्ही घरात नसायचात, पण कर्वेनगरला असायचात, वाघोलीला असायचात. कुठल्यातरी हॉलमध्ये कोणालातरी मनमिळाऊ ठरवत उभे असायचात, आणि मी इथे भांडी आपटत, तुमच्या नावाने बोटं मोडत भाकरी थापायचे, कारण तुम्ही जेवायला येणार असायचात. त्याला मी एकटेपण म्हणत होते. मला काही कळत नव्हतं हो.

त्या संध्याकाळी नकोत मला. त्या तापासकट परत घ्या. तुम्ही लोकांत जा, रोज जा, जयंतीला महिनाभर जा, हवं ते पाणी प्या. मला फक्त ताट झाकून ठेवून, घड्याळाकडे बघत, पूर्वीसारखं तुमच्यावर चिडायचंय.